सारखी घनता, वेगळा निचरा: एका शेतातल्या दोन पट्ट्यांच्या मातीचे सीटी स्कॅन

एकाच शेतातले दोन लगतचे पट्टे. माती दोन्हीकडे तीच, गाळाचे प्रमाण जास्त असलेली पोयट्याची. उतार तोच, पाऊस तोच, पीकही तेच. फरक फक्त मशागतीचा. एका पट्ट्यात दरवर्षी नांगर चालतो. दुसऱ्यात कित्येक वर्षे नांगर घातलेलाच नाही, पेरणी थेट धसकटांत होते. जोराचा पाऊस झाला की नांगरलेल्या पट्ट्यात पाणी साचते आणि वरची माती खरवडत उताराला लागते. शेजारी तेवढाच पाऊस मुकाट जिरून जातो.

भुसभुशीत जमिनीत पाणी जास्त मुरते, असे कोणीही म्हणेल. इथे उलटे दिसत होते, आणि ते का, एवढाच प्रश्न अभ्यासगटापुढे होता.

हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेले आहे. शेत आणि गट कल्पित आहेत. अडचणी मात्र मातीचे स्कॅन करणाऱ्या कुणालाही भेटतात त्याच आहेत, आणि आकडे एकतर गणिताने निघणारे आहेत किंवा या कामात सर्रास धरले जाणारे.

आधीच्या मोजमापांनी काय सांगितले

गटाने सुरुवात नेहमीच्या साधनांनी केली. धातूची कडी मातीत दाबून ठरावीक आकारमानाचा नमुना काढायचा, भट्टीत 105 अंश सेल्सिअसला वाळवायचा, वजन करायचे. यातून स्थूल घनता मिळते. वरच्या थरात ती दोन्ही पट्ट्यांत घन सेंटिमीटरला 1.35 ग्रॅमच्या आसपास आली, 20 ते 30 सेंटिमीटर खोलीवर 1.5 च्या आसपास. मातीच्या कणांची स्वतःची घनता 2.65 धरली, तर वरच्या थरात सुमारे 49 टक्के आणि खालच्या थरात सुमारे 43 टक्के जागा पोकळ. दोन्ही पट्ट्यांत जवळपास सारखीच.

दुहेरी कड्याच्या साधनाने पाणी मुरण्याचा वेग मोजला, तेव्हा मात्र दोन पट्ट्यांत कित्येक पटींचा फरक निघाला. म्हणजे पोकळी तेवढीच आणि पाण्याची वाट मात्र वेगळी.

पोकळ्यांचे आकार मोजायला ओलावा-ताण वक्र आहे. भिजवलेल्या नमुन्यावर हळूहळू ओढ वाढवत न्यायची आणि कोणत्या ओढीला किती पाणी निघाले ते नोंदवायचे. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, पण तिची एक खोड आहे. रुंद पोकळीचे तोंड अरुंद असेल तर ती पोकळी त्या तोंडाच्या मापानेच रिकामी होते. पोटात कितीही जागा असो, नोंद होते ती गळ्याची. त्यातून पोकळ्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत हे तर कळतच नाही. राळ भरून मातीचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत आहे. वॉल्टर कुबिएना यांनी 1938 मध्ये या सूक्ष्म मृदाशास्त्राचा पाया घातला. छेदात सुंदर तपशील दिसतो, पण छेद म्हणजे एक पातळी. त्यावरचा गोल ठिपका ही बंद कुपी आहे की खोल जाणाऱ्या नळीचा काप, हे तो छेद सांगू शकत नाही.

इथे क्ष-किरण टोमोग्राफी, म्हणजेच सीटी स्कॅन, कामाला येते: अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण सावल्यांवरून वस्तूची आतली त्रिमितीय रचना उभी करायची. इंग्लिश अभियंते हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्राने माणसाचा पहिला मेंदू-स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी झाला. हाऊन्सफिल्ड आणि या तंत्राचे गणित मांडणारे कॉर्मॅक यांना 1979 चे नोबेल मिळाले, आणि 1982 पासून मृदाशास्त्रज्ञांचे शोधनिबंध येऊ लागले. आधी पेट्रोविक आणि सहकाऱ्यांनी या तंत्राने मातीची घनता मोजली, पुढच्याच वर्षी हेन्सवर्थ आणि एल्मोर यांनी मुळांभोवतालचा ओलावा पाहिला. तेव्हाची यंत्रे दवाखान्यातली होती. रुग्णाला किरणांची मात्रा कमी द्यायची असते आणि रुग्ण हलतो, म्हणून त्या यंत्रांना घाई असते. मातीला घाई नाही. ती तासभर स्थिर बसते, मात्रेची तक्रार करत नाही. (बिया किंवा सूक्ष्मजीव जिवंत ठेवायचे असतील तर ही सवलत उरत नाही.)

स्कॅनच्या आधीचे निर्णय

माझ्या मते या कामाचे निम्मे यश यंत्र सुरू करण्याच्या आधी ठरते, आणि नेमका तोच भाग अहवालांत दोन ओळींत उरकलेला असतो.

पहिला निर्णय मापाचा. किरण टिपणारी पाटी, म्हणजे डिटेक्टर, सुमारे 2,000 पिक्सेल रुंद. त्यात 10 सेंटिमीटर व्यासाचा नमुना बसवायचा तर एका व्हॉक्सेलची (त्रिमितीय चित्रातल्या घनाकार ठिपक्याची) बाजू 50 ते 60 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली जाणार नाही. थोडी मोकळी जागा सोडून 60 धरू. एखादी गोष्ट खात्रीने दिसायला ती निदान दोन-तीन व्हॉक्सेल रुंद लागते. म्हणजे भरवशाची दृष्टी 120 ते 180 मायक्रॉनपासून पुढे. झाडाला उपयोगी पडणारे पाणी धरून ठेवणाऱ्या पोकळ्या साधारण 0.2 ते 30 मायक्रॉनच्या. त्यातली एकही या स्कॅनमध्ये दिसणार नाही. स्कॅनमधली सच्छिद्रता म्हणूनच एक-अंकी टक्क्यांत येते आणि कड्यावरून काढलेल्या 43 किंवा 49 टक्क्यांशी कधीच जुळत नाही. ती जुळायची नसतेच. नमुना लहान घेतला तर बारीक दिसते, पण लहान नमुन्यात गांडुळाचे बीळ सापडण्याची शक्यता घटते. प्रश्न पावसाचे पाणी वेगाने खाली जाण्याचा होता, आणि ते काम मोठ्या पोकळ्यांचे. गटाने 10 सेंटिमीटर व्यास आणि तेवढीच उंची निवडली.

दुसरा निर्णय ओलाव्याचा. पूर्ण भिजलेल्या नमुन्यात पाणी आणि माती यांच्यातला फरक कमी, म्हणून पोकळ्या अंधुक दिसतात. पूर्ण वाळवला तर चिकणमातीचा अंश आकसतो आणि शेतात नव्हत्या अशा भेगा पडतात. गटाने नमुने वाळूच्या पेटीवर 60 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढ्या ओढीला स्थिरावू दिले. केशाकर्षणाचे सोपे सूत्र असे: 3,000 ला ओढीच्या सेंटिमीटरने भागले की त्या ओढीला रिकामी होणारी सर्वांत बारीक पोकळी मायक्रॉनमध्ये मिळते. 60 ला ते 50 मायक्रॉन येते, म्हणजे जवळजवळ व्हॉक्सेलएवढेच. जे रिकामे झाले ते चित्रात हवा म्हणून दिसेल, जे भरलेले राहिले ते तसेही दिसणार नव्हते. शिवाय भिजलेले वजन आणि ओढीनंतरचे वजन यांतल्या फरकावरून रिकाम्या पोकळीचे आकारमान हातात आले. या आकड्याचा उपयोग पुढे मोठा आहे.

नळकांडी पोलादी घेतली नाहीत. पोलाद किरणांना इतके अडवते की चित्रभर रेघा उमटतात, म्हणून प्लॅस्टिकची घेतली. धार बाहेरच्या बाजूने तिरकी, म्हणजे आतली माती दाबली जाणार नाही. ती हातोड्याने न ठोकता जॅकने सावकाश दाबली. प्रत्येक पट्ट्यातून दोन खोल्यांवर नमुने घेतले, 5 ते 15 आणि 20 ते 30 सेंटिमीटर. दुसरी खोली मुद्दाम निवडली, कारण नांगराचा फाळ जिथवर जातो त्याच्या तळाशी कठीण थर धरतो आणि तो साधारण इथेच असतो. एका खोलीवर एकच नमुना घेऊन भागत नाही. बिळे मोजून-मापून पसरलेली नसतात. एका नळकांड्यात येतात, शेजारच्यात येत नाहीत.

यंत्रात

नमुना फिरत्या चकतीवर बसवायचा, बाष्पीभवन थांबवायला प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याने गुंडाळायचा आणि थोडा वेळ तसाच सोडायचा. बसवल्यावर ओली माती किंचित खचते आणि स्कॅन चालू असताना ती व्हॉक्सेलभर जरी हलली तरी कडा पुसट होतात. क्ष-किरणांच्या नळीला सुमारे 150 किलोव्होल्टचा विद्युतदाब, वाटेत अर्ध्या मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा. एका पूर्ण फेरीत किती कोनांतून छायाचित्रे घ्यायची? डिटेक्टरची पिक्सेलमधली रुंदी गुणिले पाय (π) भागिले दोन, असा अंगठेनियम आहे. 2,000 पिक्सेलला सुमारे 3,100 येतात. फेल्डकॅम्प आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दिलेल्या गणनपद्धतीने या सगळ्या सावल्यांतून त्रिमितीय ठोकळा उभा राहतो. एका नमुन्याचे साडेचार अब्जांहून अधिक व्हॉक्सेल, 16 बिटांत साधारण 9 गीगाबाइट. संगणकाची सोय आधी करावी. ही सूचना रुक्ष आहे पण अनेक प्रकल्प इथेच अडतात.

तांब्याचा पत्रा कशाला, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. नळीतून निघणारे किरण एकाच ऊर्जेचे नसतात. कमी ऊर्जेचे किरण मातीत शिरता-शिरता गळून जातात, पुढे उरतात ते जास्त भेदक. त्यामुळे नमुन्याच्या मध्यातून गेलेला झोत प्रत्यक्षापेक्षा कमी अडवला गेल्यासारखा वाटतो. चित्रात परीघ उजळ आणि मध्य काळपट होतो. माती सगळीकडे एकसारखी असली तरी मध्यभाग जास्त पोकळ वाटतो. पत्रा कमी ऊर्जेचे किरण आधीच गाळून टाकतो. दोष कमी होतो, जात नाही. उरलेला नंतर केंद्रापासूनच्या अंतरानुसार दुरुस्त करावा लागतो. डिटेक्टरचा एखादा पिक्सेल बिघडलेला असेल तर चित्रात एककेंद्री वर्तुळे उमटतात, आणि नवख्या डोळ्याला ती वक्र भेगांसारखी भासतात. वर्तुळाचे केंद्र फिरण्याच्या आसावर असले की समजावे, ही भेग मातीतली नाही.

दवाखान्याच्या मापपट्टीत पाणी 0 आणि हवा उणे 1000 अशी नेमलेली असते. औद्योगिक यंत्रांत तशी पट्टी बांधलेली नसते. आज ज्या मातीची छटा अमुक आली तिची उद्या वेगळी येऊ शकते. म्हणून प्रत्येक स्कॅनमध्ये दोन ओळखीच्या गोष्टी हव्यात. इथे त्या फुकटात मिळाल्या: बाहेरची हवा आणि नळकांड्याची प्लॅस्टिकची भिंत. या दोहोंवर सगळे स्कॅन एका पट्टीला आणले.

एक छेद, जवळून

न नांगरलेल्या पट्ट्याच्या खोल नमुन्यातला एक आडवा छेद घेऊ. बहुतेक भाग करडा, दाणेदार. काही ठिकाणी पांढरे ठिपके, लोह-मँगनीजच्या गाठी. त्यांचा अणुक्रमांक आणि घनता दोन्ही जास्त. मध्याच्या थोडे डावीकडे पाच मिलिमीटरचे काळे, जवळजवळ अचूक गोल भोक. भोकाची कड गुळगुळीत आणि तिच्याभोवती मातीचे कडे किंचित जास्त उजळ. गांडूळ पुढे सरकताना माती बाजूला रेटते, म्हणून बिळाची भिंत आसपासच्या मातीपेक्षा घट्ट असते. हे कडे खरे मानण्याआधी गटाने मूळ, गाळणी (चित्र सुधारणारी गणिती प्रक्रिया) न लावलेले चित्र पाहिले, कारण चित्र धारदार करणाऱ्या काही गाळण्या कडेला असेच खोटे उजळ कडे आणतात. मूळ चित्रातही ते होते.

खालच्या बाजूला आणखी एक भोक, दीड मिलिमीटरचे, पण पूर्ण काळे नाही. आत मध्यम करड्या रंगाचा गाभा आणि एका बाजूला काळी चंद्रकोर. हे जुन्या मुळाचे भोक, आत अर्धवट कुजलेले मूळ. सेंद्रिय पदार्थाची आणि पाण्याची छटा हवा आणि खनिज यांच्या मधली येते. गोम अशी की प्रत्येक पोकळीच्या कडेवरचा व्हॉक्सेलही अर्धा हवेत, अर्धा मातीत असतो आणि त्याची छटाही नेमकी मधलीच येते. चित्रावर भोळा विश्वास ठेवला तर शेतातल्या प्रत्येक पोकळीला सेंद्रिय अस्तर आहे असे वाटेल.

करड्यातून काळे-पांढरे

पुढे प्रत्येक व्हॉक्सेलला एकच प्रश्न विचारायचा: तू पोकळी की माती? कोणत्या छटेपर्यंत पोकळी मानायची, हा उंबरठा कुठे ठेवायचा यावर सगळे निकाल लटकलेले असतात. बाव्हे आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मातीची तीच चित्रे वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे देऊन पोकळ्या वेगळ्या करायला सांगितले. उत्तरांतली तफावत इतकी मोठी निघाली की त्यानंतर या विषयात उंबरठा कसा ठरवला हे न लिहिणारा निबंध वाचताना मी आकडे सोडून देतो.

1979 सालची ओत्सू यांची पद्धत सर्वांत लोकप्रिय. ती छटांच्या आलेखाचे असे दोन गट पाडते की गटागटांतला फरक जास्तीत जास्त व्हावा. दोन्ही गट तोडीस तोड असतील तेव्हा ती चांगली चालते. इथे हवा काही टक्केच होती, बाकी सारी माती. अशा वेळी उंबरठा मोठ्या गटाकडे झुकतो आणि सच्छिद्र पण अखंड मातीचे व्हॉक्सेल पोकळीत जमा होतात. गटाने आधी खरखर कमी करणारी, कडा राखणारी गाळणी लावली आणि मग दुहेरी उंबरठा वापरला. निःसंशय काळे ते पोकळी. त्याहून थोडे उजळ असेल ते निःसंशय पोकळीला चिकटलेले असेल तरच पोकळी. बारीक गळे यात टिकून राहतात आणि सुट्या खरखरीला पोकळी म्हणण्याची वेळ येत नाही.

आणि इथे वजनाचा तो आकडा कामी आला. 60 सेंटिमीटर ओढीला जेवढे पाणी निघून गेले, त्याहून जास्त हवा चित्रात असूच शकत नाही. एखाद्या उंबरठ्याने जास्त हवा दाखवली तर तो उंबरठा बाद. हे काम ज्याने केले त्याला नमुने कोणत्या पट्ट्याचे आहेत हे सांगितलेले नव्हते, आणि एकदा ठरवलेला नियम सर्व नमुन्यांना तसाच लावला.

मग उंबरठा मुद्दाम दोन्ही बाजूंना सरकवून पाहिला. खोल नमुन्यांत सच्छिद्रतेचा आकडा बराच हलला, पण दोन पट्ट्यांचा क्रम हलला नाही. वरच्या थरात मात्र उंबरठा जरा सैल केला की नांगरलेला पट्टा पुढे, जरा आवळला की मागे. म्हणून वरच्या थराबद्दलचा दावा गटाने अहवालातून काढून टाकला. मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

कुठून कुठे

आता काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यावरून मोजणी. एकेका छेदातली सच्छिद्रता खोलीनुसार मांडली, तेव्हा नांगरलेल्या पट्ट्यात 22 ते 25 सेंटिमीटरांच्या दरम्यान आलेख खाली आपटला. तीन सेंटिमीटर, म्हणजे 500 छेद, ज्यांत दिसण्याजोगी पोकळी जवळपास नाही. कड्याच्या घनतेत हे का दिसले नाही? कारण त्या कड्याने दहा सेंटिमीटरांची सरासरी घेतली, आणि शेजारचा पट्टा वर्षानुवर्षे न हलवल्याने सगळीकडेच थोडा घट्ट होता. एकीकडे पातळ पण फार घट्ट थर, दुसरीकडे सर्वत्र माफक घट्टपणा. सरासरी तीच.

नंतर जोडणी. एकमेकांना लागून असलेल्या पोकळीच्या व्हॉक्सेलना एकच क्रमांक द्यायचा आणि वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठापर्यंत पोहोचणारा एखादा समूह आहे का ते बघायचे. ‘लागून’ म्हणजे काय हेही ठरवावे लागते: फक्त सहा बाजूंनी चिकटलेले, की कडा आणि कोपरे धरून सव्वीस शेजारी? गटाने दोन्ही करून पाहिले. नांगरलेल्या पट्ट्यात कठीण थराच्या वर मोठा, फांद्याफांद्यांचा समूह आणि खाली लहान-लहान बेटे. दोन्हींना सांधणारे काही नाही. न नांगरलेल्या पट्ट्यात एकूण दिसणारी पोकळी कमीच, पण बहुतेक नमुन्यांत दोन-तीन उभ्या नळ्या आरपार. जोडणी एका आकड्यात मांडणाऱ्या ऑयलर अंकानेही तेच दाखवले: सुटे तुकडे जास्त असले की तो धन येतो, आणि जाळ्यात आरपार वाटांची वेटोळी जास्त असली की ऋण.

दोन-तीन नळ्यांनी एवढा फरक कसा पडतो? हिशेब करून पाहू. एक मिलिमीटर व्यासाची एकच सरळ उभी नळी, पाणी केवळ गुरुत्वाने खाली जाते आहे. प्वाझॉयच्या सूत्राने तिच्यातून सेकंदाला सुमारे 0.24 मिलिलिटर पाणी जाते. नमुन्याचे क्षेत्र 7,854 चौरस मिलिमीटर. त्यावर हे पाणी पसरून मोजले तर ताशी 110 मिलिमीटर पाऊस जिरवण्याइतका वेग होतो. खरी नळी वाकडीतिकडी आणि खडबडीत असते, तेव्हा याच्या तिसरा हिस्साच धरा, तरी तो जोरदार पाऊस आहे. आणि या नळीचे आकारमान? नमुन्याच्या 0.01 टक्का, दहा हजारांत एक. तिच्यामुळे स्थूल घनतेत पडणारा फरक चौथ्या दशांश स्थळावर येतो. तिथपर्यंत कुठल्याच कड्याची आणि तराजूची पोच नाही.

प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, हे सारे त्याचेच फळ. दोन मिलिमीटरपेक्षा दसपट बारीक, 0.2 मिलिमीटरच्या नळ्या घेतल्या, तर एका जाड नळीची बरोबरी करायला त्या दहा हजार लागतात. क्षेत्रफळाची बरोबरी मात्र शंभरांतच होते. नांगराने तयार होणारी पोकळी बहुतांश ढेकळांमधली, वळणावळणाची आणि फाळाच्या खोलीशी थांबणारी. पाणी त्यात भराभर शिरते, कठीण थरावर येऊन थबकते, आणि वरची पोकळी भरली की पृष्ठभागावर साचते.

पडताळणी, आणि दोन हट्टी नमुने

नांगरलेल्या पट्ट्यात जोडणी नाही, असे चित्र म्हणाले. पण 60 मायक्रॉनचे व्हॉक्सेल 50 मायक्रॉनचा गळा बघूच शकत नाहीत. वाट खरोखर बंद आहे की नजरेआड आहे? गटाने कठीण थरातून दोन सेंटिमीटर व्यासाचे छोटे नमुने कापून 10 मायक्रॉनवर पुन्हा स्कॅन केले. बारीक वाटा होत्या, काही जोडलेल्याही होत्या, पण त्यांच्या गळ्यांची मापे काही दशक मायक्रॉनच. थर सीलबंद नाही, पण वादळी पावसापुढे तो बंदच म्हणायचा.

मोठ्या नमुन्यांना स्कॅनने धक्का लागलेला नसल्याने त्याच नमुन्यांची जलवाहकता प्रयोगशाळेत मोजता आली. बहुतेक ठिकाणी चित्र आणि पाणी यांचे जुळले. दोन नमुने जुळले नाहीत, आणि माझ्या लेखी प्रकरणाचा कस तिथे लागतो.

नांगरलेल्या पट्ट्याच्या एका खोल नमुन्यातून पाणी धो-धो गेले. स्कॅन पुन्हा उघडले तर माती आणि नळकांड्याची भिंत यांच्यात एका बाजूला केसाएवढी, वरपासून खालपर्यंत फट. मातीची वाहकता नव्हे, फटीची वाहकता मोजली गेली होती. विश्लेषणात कडेचे काही मिलिमीटर आधीच वगळलेले असल्याने सच्छिद्रतेच्या आकड्यांत ती फट नव्हती. तो नमुना पाण्याच्या हिशेबातून वगळला. स्कॅन नसते तर हा आकडा सरासरीत गेला असता आणि दोन पट्ट्यांतला फरक अर्ध्यावर आला असता.

दुसरा नमुना न नांगरलेल्या पट्ट्याचा. त्यातून पाणी जेमतेम गेले. यात दोष कुठलाच नव्हता. त्या नळकांड्यात आरपार नळी आलीच नव्हती. हा नमुना मात्र वगळला नाही. तो वगळला असता तर ‘न नांगरलेली माती सगळीकडे वाहते’ असे खोटे चित्र उभे राहिले असते. ती सगळीकडे वाहत नाही, ठिकठिकाणी वाहते. दुहेरी कड्याचे साधन मोठ्या क्षेत्रावर मोजते, त्यात एखादे तरी बीळ सापडते. 10 सेंटिमीटरच्या नळकांड्यात ते नशिबावर.

शेवटी नमुन्यांवर ब्रिलियंट ब्लू या निळ्या रंगाचे पाणी सोडून ते उभे चिरले. बिळांच्या भिंती निळ्या, आजूबाजूची माती बव्हंशी कोरी. नांगरलेल्या नमुन्यांत निळा रंग कठीण थराच्या माथ्यावर आडवा पसरलेला. हे काम शेवटी ठेवायचे, कारण यानंतर नमुना उरत नाही.

शेतावर काय करायचे

कठीण थर फोडायला खोल जाणारा सबसॉयलर चालवावा, ही पहिली सूचना आली. त्याने भेगा पडतील आणि भेगेतला प्रवाहही रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणजे फरक लगेच दिसेल. पण तिरक्या-आडव्या भेगा वरून चाकाचा भार आला की मिटतात. उभ्या, गोल, घट्ट भिंतीच्या नळ्या उभ्या दाबाला जास्त टिकतात. म्हणून गटाने नांगरलेल्या पट्ट्याचे तीन भाग सुचवले: एकात सबसॉयलर, एकात फक्त खोल मुळांचे आच्छादन पीक, एकात दोन्ही. सबसॉयलर चालेल त्या भागांत माती कोरडी असतानाच काम करायचे, कारण ओली माती फुटण्याऐवजी लोण्यासारखी दबते आणि फाळाच्या कडेने नवा लेप धरते.

पुढच्या हंगामाअखेर नमुने पुन्हा घ्यायचे ठरले ते नव्या जागांवरून. नळकांड्यात बंद केलेल्या जुन्या नमुन्यात ना गांडूळ येणार, ना ताजे मूळ, ना ट्रॅक्टरचे चाक. चाकोरीतले नमुने आणि चाकोरीबाहेरचे नमुने या वेळी वेगळे मोजले जातील, आणि प्रत्येक भागात नळकांड्यांची संख्या वाढवली जाईल. आरपार नळी सापडण्यात नशिबाचा वाटा किती, हे आरपार नळी नसलेल्या त्या एका नमुन्याने दाखवून दिले होते. नळकांडी घालण्याआधी तिथली वरची माती खरवडून बिळांची तोंडेही मोजून ठेवायची आहेत. तेवढ्यासाठी स्कॅनर लागत नाही, एक खुरपे पुरते.